धरमकाटा

कळमन्याच्या धरमकाट्यावर एकवीस वर्षं
मी खिडकीआड बसून ट्रक तोलतो.
भरलेला, रिकामा, मधला फरक.
शिक्का. पुढचा.
आत मिरची आहे, संत्री आहेत,
की ओल्या पोत्यात दडवलेली माती,
हे काटा विचारत नाही.
मीही नाही.

माझं स्वतःचं वजन चौसष्ट किलो.
लग्नातली सफारी अजून खांद्यात बसते,
फक्त खालची दोन बटणं लागत नाहीत.
"पोट काय, बसून बसून येतेच,"
वच्छला म्हणायची, आणि चहात तिसरा चमचा टाकायची.

देवाजी मेश्राम, हमाल, नव्वदीच्या पुढचा.
त्याला अख्खं यार्ड बोलायचं.
"देवाजी, कमी खाय बे, एक दिवस जागीच बसशीन."
मीही बोलायचो,
पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री मागता मागता.
तो हसायचा आणि पोतं उचलायचा.

मार्च संपत आला होता.
कूलरला नवी खस लावत होतो,
तर डावा जबडा दुखायला लागला.
म्हटलं, दाढ.
मग घाम.
नागपुरात त्या दिवसांत घाम कोण मोजतो?
काट्यावर चौदा टन दोनशे चाळीस उभे होते,
तो आकडा अजून डोळ्यांपुढे आहे,
पावती फाडायची राहिली.
देवाजीनं मला कमरेत वाकून
एका खांद्यावर घेतलं.
मागे ट्रकवाला हॉर्न वाजवतच राह्यला.

मनगटातून तार गेली, जाळी बसली.
तिसऱ्या दिवशी डॉक्टर ठवकर आल्या,
माझ्या पोरीएवढ्या.
खिशातून टेप काढली, शिंप्याची, पिवळी.
"श्वास सोडा काका. पोट आत नका ओढू."
सत्त्याण्णव.
मग कागद वाचला. साखर वर, चरबी वर, दाब वर,
आणि जी चांगली म्हणतात ती चरबी तेवढी खाली.

"पण मॅडम, मी तर बारीक..."
"हातपाय बारीक आहेत काका.
तुमची चरबी आत साठली. लिव्हरमध्ये, आतड्यांभोवती.
ती गप नाही बसत तिथं."
मला ते ओलं पोतं आठवलं.
एकवीस वर्षं पावती बरोबर होती,
माल कोणी पाह्यलाच नव्हता.

मग मी जरा आशेनंच विचारलं,
"म्हंजे देवाजीले काही धोका नाही?"
"असं मी कुठं म्हटलं?
वजनाचा भार हृदयाला ओढावाच लागतो.
त्यांनाही घेऊन या."

देवाजी तीन आठवडे टाळत होता.
"मले काय झालं? तुले झालं."
शेवटी आला, धुतलेला शर्ट घालून,
सुई पाहून डोळे मिटले.
साखर नाक्यावर उभी होती, पलीकडे गेली नव्हती.
दाब मात्र गेला होता.
बाहेर येऊन पायरीवर बसला,
बराच वेळ बोललाच नाही.

आता लिलावाआधी, अंधारातच,
आम्ही यार्डाला तीन फेऱ्या मारतो.
मिरचीच्या आळीतून जाताना शिंका येतात,
मग दोघंही थांबून छातीला हात लावतो,
आणि काही झालं नाही म्हणून पुन्हा चालतो.
तर्री सुटली म्हणणार नाही. रविवारी असते.
साखर सुटली. पहिला महिना
चहा औषधासारखा लागायचा.

परवा गाडी नव्हती काट्यावर.
देवाजी म्हणाला, "चाल, आपणच उभं राहू."
एप्रिलात उभे राहिलो होतो तेव्हा एकशे साठ दाखवलं होतं.
मधे दवाखान्याच्या काट्यावर
माझे तीन किलो गेले, त्याचे दोन.
इथं पुन्हा एकशे साठच.
हा वीस-वीस किलोनं मोजतो,
पाच किलोंची त्याला खबरही नाही.

"बेकार आहे बे तुझा काटा," देवाजी म्हणाला.
मी काही बोललो नाही.
पायजम्याचा नाडा चार बोटं जास्त लोंबत होता,
तो आत खोवला,
आणि खिडकीत जाऊन बसलो.
फाटकाशी पहिला ट्रक आला होता.
आज उतरून विचारलं,
"भाऊ, आत काय आहे?"